सॅक्सोफोनची फेरतपासणी

जगात खोटं माप ओळखणारी माणसं थोडी असतात आणि त्यांना कोणी जेवायला बोलावत नाही. मी त्यांतला एक आहे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून अठ्ठावीस वर्षं मी लोकांचे तराजू तपासतो आहे. काटा मध्यावर आला तर पास. नाही आला तर नापास, आणि नापास वस्तूवर खात्याची पिवळी चिठ्ठी. त्यात दया नाही, माया नाही, ‘साहेब, चहा घ्या’ तर मुळीच नाही. इमारतीतले लोक मला मागून ‘काटासाहेब’ म्हणतात. समोर नुसतं ‘साहेब’ म्हणतात, पण कसं म्हणतात ते मला कळतं.

हे बढाई मारायला सांगत नाहीये. ज्याला अर्ध्या ग्रॅमचा फरक दिसतो त्याला एक अख्खा सॅक्सोफोन कसा काय टोपी घालून गेला, हे तुम्ही पुढे विचारणारच आहात. तेव्हा आधीच सांगून मोकळा होतो.

सुरुवात दातांच्या डॉक्टरांनी केली. ते पहिल्या मजल्यावर राहतात, तळमजल्यावर दवाखाना चालवतात, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांना काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी इमारतीचा वाद्यवृंद काढला. डॉक्टर स्वतः कीबोर्ड वाजवतात. म्हणजे कीबोर्ड आपला आपण वाजतो आणि डॉक्टर मान हलवतात. शिवाय दोन गिटार, एक ड्रम आणि एक बासरी. मला काय दिलं? वायर. माइकची वायर कोणाच्या पायात येऊ नये म्हणून ती धरून कोपऱ्यात उभं राहायचं. सलग दोन कार्यक्रम मी वायर धरली. दुसऱ्या कार्यक्रमानंतर डॉक्टरांनी खुर्च्यावाल्याचे आभार मानले, सरबतवाल्याचे मानले, वीज गेली नाही म्हणून वीज कंपनीचेही मानले. वायरचं नाव नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, “जाऊ द्या हो. धरलीत मात्र छान.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मी ठरवलं, बस्स, आता वाद्य शिकायचं. कुठलं, हा प्रश्नच नव्हता. गिटार प्रत्येकाचा भाचा वाजवतो, त्यामुळे प्रत्येकाला त्यातलं कळतं. सॅक्सोफोन आमच्या इमारतीत कोणी जवळून पाहिलेलासुद्धा नव्हता. ज्या वस्तूतलं कोणालाच काही कळत नाही, तिच्यात चूक कोण काढणार? अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला हे सुख काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं.

नवा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. मालकाच्या नाकावर एक चष्मा होता आणि कपाळावर दुसरा. एकाने गिऱ्हाईक बघायचा, दुसऱ्याने माल. त्याने घोंगडीत गुंडाळलेला सॅक्सोफोन काढला आणि हलक्या हाताने टेबलावर ठेवला.

“साहेब, असे आता बनत नाहीत.”

जुनं काहीही विकणारा माणूस हे वाक्य म्हणतोच. मी म्हटलं, “का बनत नाहीत?”

“बनवणारे मेले.”

सॅक्सोफोन लांबून शोभेची पितळी नळी वाटतो. जवळून बघितल्यावर मला कळलं की ही नळी नव्हे, हे सरकारी खातं आहे. इथे एक कळ दाबली की एक दांडी फिरते. दांडी फिरली की तिच्या दुसऱ्या टोकाची वाटी भलत्याच भोकावर जाऊन बसते. ती बसली की तिसरीच कुठली तरी उठते, आणि ज्याने पहिल्यांदा दाबलं त्याला कोणी काही कळवत नाही. वाट्या वीसच्या वर, प्रत्येकीच्या पोटात चामड्याची गादी, प्रत्येकीला मागे ओढायला सुईसारखी बारीक स्प्रिंग. मी भान हरपून बघत राहिलो. इतकं गुंतागुंतीचं कामकाज आणि एकही फाईल नाही!

मी रीतसर तपासणी केली. दुकानातल्याच काट्यावर वजन केलं. दोन किलो सहाशे ग्रॅम. काटा खरा होता, तोही तपासला. सगळ्या कळा दाबून पाहिल्या, ठकठक आवाज झकास येत होता. फुंकून मात्र पाहिला नाही, कारण मला फुंकता येत नव्हतं आणि ते दुकानदाराला कळू द्यायचं नव्हतं. मागच्या बाजूला आकडा कोरलेला होता आणि त्याच्याखाली एकटंच एक अक्षर.

“हे काय?”

“ठसा आहे साहेब. कारखान्यात तपासून मारलेला.”

झालं! ठसा दिसला की माझं मन लोण्यासारखं वितळतं. ज्यांनी कोणी तो मारला त्यांनी बघूनच मारला असणार. ठसा मारणाऱ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवला नाही तर खातं कसं चालायचं? मी सॅक्सोफोन घेतला. दुकानदाराने पावतीवर लिहिलं, ‘पितळी नळी, कळांसह, २ किलो ६०० ग्रॅम’. वजन बरोबर लिहिलंय म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं.

घरी बायकोने सॅक्सोफोन बघितला, मग मला बघितलं. “ठेवणार कुठे?”

प्रश्न रास्त होता. आमच्या घरात एक वाद्य आधीच होतं. सासूबाईंची पायपेटी. पायांनी भाता मारत हातांनी वाजवायची, टेबलाएवढी शिसवी पेटी. सासूबाई तेहतीस वर्षं एका शाळेत गाणं शिकवायच्या. शाळेने कीबोर्ड घेतला आणि जुनी पायपेटी सेवानिवृत्तीच्या दिवशी त्यांना देऊन टाकली. म्हणजे त्यांचा सत्कार झाला आणि शाळेची अडगळही गेली. अकरा वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे राहायला आल्या त्या ही पेटी घेऊन. ती बोळात बसली. पहिल्याच आठवड्यात माझी नडगी तिच्यावर आपटली आणि मी कळवळून म्हणालो, “हे धूड कोणी आणलं इथे?” तेव्हापासून सासूबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. जे काय असेल ते बायकोमार्फत. ‘सांग तुझ्या नवऱ्याला, दिवा बंद करा म्हणावं.’ मी तिथेच दिव्याखाली बसलेलो असतो.

रोज संध्याकाळी त्या एकच धून वाजवायच्या. शाळा सुटताना वाजवायची ती, मुलांना रांगेत बाहेर काढायची. आमच्याकडे रांगेत बाहेर जायला कोणी नव्हतं, तरी वाजवायच्या.

“घर काही रबरी नाही,” बायको म्हणाली. “एक आलं तर एक जाईल.”

देवानेच संधी दिली म्हणायची. मी म्हटलं, “आपण भावनेच्या आहारी जायला नको. तपासणी करू. जे खरं ते राहील.”

फोनवर सूर तपासायचं एक यंत्र मिळतं. सूर बरोबर लागला की काटा मध्यावर येतो. काटा! म्हणजे माझाच प्रांत. सासूबाई दुपारी पडल्या होत्या तेव्हा मी पायपेटीची एकेक पट्टी दाबली आणि वहीत आकडे लिहिले. काटा एकदाही मध्यावर आला नाही. प्रत्येक पट्टीला उजवीकडे, जवळजवळ अर्धा सूर वर, आणि सगळीकडे अगदी सारखाच. एक सूर धड नाही! मी रीतसर पिवळी चिठ्ठी भरली: ‘वस्तू: पायपेटी. सर्व सूर प्रमाणाबाहेर. रद्दबातल.’ खाली सही, तारीख. आणि पेटीच्या झाकणावर डकवली. तोंडी सांगायची माझी छाती झाली नाही हे खरं आहे.

सासूबाई उठल्या, चष्मा लावून चिठ्ठी वाचली. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. त्या बायकोला एवढंच म्हणाल्या, “सांग त्यांना, पेटी खोटी नाही. पण ज्यांना डोळ्यांनी ऐकायची सवय आहे त्यांना काय सांगायचं!” आणि झाकण लावलं. त्या संध्याकाळपासून धून बंद झाली. मी सुताराला बोलावलं. त्याने पेटी ठोकून पाहिली आणि म्हणाला, लाकूड उत्तम आहे, चपलांचं कपाट सुरेख होईल, येत्या रविवारी घेऊन जातो. सुताराचा येता रविवार. त्यानंतर सात रविवार आले आणि गेले.

इकडे सॅक्सोफोन मात्र तोंडातून ब्र काढायला तयार नव्हता. मी फुंकलं की वारा यायचा. जास्त जोरात फुंकलं की खालच्या मजल्यावरून विचारणा यायची, कपाट सरकवताय का म्हणून. तिसऱ्या मजल्यावरचा नळदुरुस्तीवाला येऊन म्हणाला, “कुठंतरी गळतंय. नळाला लावतो ती पांढरी टेप गुंडाळा.” त्याला सगळं जग गळकंच दिसतं. पण शेजारचे घड्याळवाले म्हणाले, “उघडू या.” त्यांचं घड्याळांचं दुकान आहे. “यंत्रं सगळी सारखीच हो. आत स्प्रिंग असते आणि बाहेर घाबरलेला माणूस असतो.”

आम्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. घड्याळवाले एकेक स्क्रू काढत, मी क्रमाने मांडत होतो. डावीकडून उजवीकडे दांड्या, वाट्या, बुचाचे तुकडे, स्क्रू. प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने नंबर. कोणाला वाटेल एवढ्या शिस्तीत काय बिघडणार? बायकोने पंखा लावला. तिची काही चूक नाही, दोन प्रौढ माणसांना घाम फुटलेला तिला बघवला नाही. वर्तमानपत्र उडालं. नंबर छताकडे गेले, स्क्रू सोफ्याखाली. मी झेलायला गेलो तर एक स्प्रिंग अंगठ्यात घुसली ती अशी की घड्याळवाल्यांना चिमट्याने काढावी लागली. “बघितलंत? स्प्रिंग एकदम ताजी आहे,” ते म्हणाले.

चार तासांनी जोडणी संपली आणि एक स्क्रू उरला.

“एक उरतोच,” घड्याळवाले म्हणाले. “कारखानावाले जास्तीचा घालतात.”

त्यानंतर सॅक्सोफोनमधून वारासुद्धा येईना.

शेवटी शोधत शोधत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. दुकान एवढंसं, भिंतीवर टांगलेली वाद्यं, आणि बाई अशा की तोंडातून शब्द मोजून काढायच्या. त्यांनी पडदा ओढून अंधार केला आणि दोरीला बांधलेला लांबट दिवा सॅक्सोफोनच्या पोटात सोडला. कळा दाबल्या तरी वाट्यांच्या कडांतून उजेडाच्या रेघा बाहेर येत होत्या.

“उजेड जिथून येतो तिथून हवा जाते,” बाई म्हणाल्या. “सतरा ठिकाणी. कोणी उघडला होता?”

“कल्पना नाही.”

“घड्याळाच्या तेलाचा वास येतोय.”

मी भिंतीवरची वाद्यं बघायला लागलो.

दहा दिवसांनी त्यांनी नव्या गाद्या बसवून सॅक्सोफोन परत दिला. स्वतः फुंकून दाखवला, आणि अहाहा, काय आवाज! माझ्या अंगावर काटा आला. बाई म्हणाल्या, “एक सांगायचंय. तुम्ही कोणाबरोबर वाजवणार आहात, की एकटेच?”

झोंबलं मला. म्हणजे मला कोणी बरोबर घेणार नाही असंच ना? मी म्हटलं, “बाई, ते आमचं आम्ही बघू.” त्यांनी खांदे उडवले आणि बिल दिलं. माणसाने स्वाभिमानी असावं, पण समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला काय हरकत होती, असं आता वाटतं.

मी न्हाणीघरात बसून सराव केला. रोज दीड तास, महिना-सव्वा महिना. फोनचा काटा लावून पाहिला नाही; ठसा मारलेल्या वस्तूची पुन्हा तपासणी कोण करतो? गाल सुजले, ओठ सोलवटले, बायकोने शेजारच्या बायकांना काय सांगितलं असेल ते देव जाणे. वाजवायचं काय? सुरावट वाचता येत नाही, पुस्तकं कळत नाहीत. पण एक धून आपसूक यायला लागली. बोटं आपली आपण पुढची कळ शोधायची. सासूबाईंची शाळा सुटायची धून! अकरा वर्षं भिंतीतून झिरपून माझ्या डोक्यात बसलेली. मला जरा विचित्र वाटलं, पण दुसरी कुठली येतच नव्हती. दाराबाहेर सासूबाईंच्या चपला थांबल्याचा आवाज मी दोनतीनदा ऐकला. मला वाटलं, त्यांना न्हाणीघर हवं असेल.

एका गुरुवारी संध्याकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत माझी परीक्षा झाली. सगळा वाद्यवृंद खुर्च्यांवर बसला होता. डॉक्टरांनी कीबोर्डवर सूर दिला, मी फुंकलं, आणि खोलीतल्या प्रत्येकाने एकाच वेळी डोळे बारीक केले.

“जरा खाली घ्या, साहेब.”

मी खाली घेतलं. डोळे आणखी बारीक झाले. बासरीवाल्याने तर कानात बोट घातलं. डॉक्टरांनी खिशातून फोन काढला. तेच यंत्र. तोच काटा! मी एकेक सूर वाजवला आणि काटा एकेका सुराला उजवीकडे जाऊन मान वळवून बसला.

“साहेब,” डॉक्टर हळूच म्हणाले, “नापास म्हणावं लागेल. तुमच्याच भाषेत.” मग त्यांना माझी दया आली. “दाढ वगैरे दुखतेय का? फुंकताना फरक पडतो. या, बसा बरं खुर्चीत.” आणि वाद्यवृंदासमोर, आतल्या मोठ्या खुर्चीत, तोंडात आरसा घालून त्यांनी माझे दात तपासले. दाढ चांगली निघाली. माझ्या आयुष्यात त्या दिवशी पास झालेली तेवढी एकच गोष्ट.

शुक्रवारी मी दुकानदारावर तक्रार करायला गेलो. कुठे? आमच्याच खात्यात. खिडकीच्या आतून मी अठ्ठावीस वर्षं बघितलंय, बाहेरून पहिल्यांदाच उभा राहिलो. आत माझ्याच हाताखाली तयार झालेला कारकून. त्याने तीन प्रतींत अर्ज भरून घेतला, सॅक्सोफोन काट्यावर ठेवला, पावती बघितली.

“सर, दोन किलो सहाशे. पावतीवरही दोन किलो सहाशे. तक्रार फेटाळावी लागेल.”

“अरे, पण सूर चुकीचा आहे!”

“सूर कशात मोजतात सर? फॉर्मवर तीनच रकाने आहेत. वजन, लांबी, आकारमान. लांबी मोजू का?”

“शेऱ्यात लिही ना.”

“रकान्याबाहेर लिहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत सर.” आणि वर म्हणतो कसा, “चहा घेणार?”

केलेलं असं फेडायला लागतं. नाइलाजाने रविवारी सकाळी मी पुन्हा दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेलो, आणि या वेळी तोंड बंद ठेवून उभा राहिलो.

“हेच सांगत होते तुम्हाला,” बाई म्हणाल्या. त्यांनी सॅक्सोफोन उलटा करून ते एकटं अक्षर दाखवलं. “ही खूण उंच सुराची. फार पूर्वी सगळीकडे एकच सूर ठरलेला नव्हता. काही जण वाद्यं उंच लावायचे. पुढे सगळ्यांनी मिळून एक सूर ठरवला, तो खालचा. हा तुमचा त्याच्या आधीचा.”

“म्हणजे खोटा?”

“खोटा कसा? खराब झालेलं वाद्य कुठे वर जातं, कुठे खाली. सगळे सूर सारखेच वर असतील तर ते बिघडलेलं नसतं, जुन्या मापाचं असतं. भोकं पाडलेली आहेत, आता खाली येणार नाही. त्याच मापाचं दुसरं एखादं वाद्य मिळालं तर त्याच्याबरोबर गुण्यागोविंदाने वाजेल. पण तसं आता कुठे मिळायला?”

“किती वर आहे हो हा?”

“अर्ध्या सुराला थोडा कमी. सगळीकडे सारखाच.”

हे आकडे मी कुठेतरी लिहिले होते. माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात! जुनं माप खोटं नसतं हे खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. शेर खोटा नव्हता, जुना होता. पहिल्या दिवशी शिकलेलं मी सासूबाई झोपल्या असताना विसरलो. तेवढ्यात बायकोचा फोन आला. “अहो, सुतार आलाय. खरंच आलाय! आई काही बोलत नाहीये. लवकर या.”

सात रविवार न आलेला माणूस नेमका आज आला. मी रिक्षा केली, सॅक्सोफोन मांडीवर घेतला आणि रस्ताभर चालकाला जोरात चालवा म्हणत राहिलो.

इमारतीत पोचलो तर जिन्यात ही गर्दी. पायपेटी चौथ्या मजल्यावरच्या आमच्या दारातून निघून पहिल्याच वळणावर अडकली होती. सुतार खालून, त्याचा भाऊ वरून, आणि मधे शेजारीपाजारी फुकटचे सल्ले देत होते. “उभी करा.” “नको, आडवी करा.” नळदुरुस्तीवाला म्हणाला, “कठडा कापा.” घड्याळवाल्यांनी स्क्रूड्रायव्हर आणलाच होता. दातांचे डॉक्टरही वर आले होते. आणि वर आमच्या दारात, खुर्चीवर, सासूबाई. बाहेर जायचे चांगले कपडे घातलेले, पर्स मांडीवर. निरोप द्यायला बसल्यासारख्या.

“थांबा!” मी ओरडलो. “उचलू नका!”

“उचलतच नाहीये साहेब,” सुतार म्हणाला. “अडकलीय.”

“ती कुठे जाणार नाही. परत वर न्या.”

सुताराने झाकणावरच्या पिवळ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. “रद्दबातल लिहिलंय. खाली सही तुमची. माझा रविवार फुकट घालवलात होय?” सुताराने रविवारविषयी बोलावं! पण ती वेळ भांडायची नव्हती.

“फेरतपासणी करता येते,” मी सगळ्यांना समजावून सांगितलं. “मात्र मालकाचा अर्ज लागतो. तोंडी चालेल.”

सगळ्यांनी वर बघितलं. सासूबाई बायकोला म्हणाल्या, “सांग त्यांना. मी अर्ज करणार नाही. चूक ज्याची, अर्ज त्याचा.”

बायकोने माझ्याकडे बघितलं, पण सांगितलं काहीच नाही. अख्खा जिना ऐकत होता. मला लाज वाटली. खरीखुरी लाज, कान तापवणारी. सासूबाईंकडून मी त्यांचं एकुलतं एक वाद्य काढून घेत होतो, तेसुद्धा त्या झोपल्या असताना मोजून. मी चार पायऱ्या वर चढलो आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, मधे कोणी न घालता म्हणालो, “आई, माझं चुकलं. पेटी बरोबर आहे. माप मी चुकीचं लावलं.”

सासूबाई उठल्या. पर्स बायकोच्या हातात दिली. “सिद्ध करा,” म्हणाल्या. मला! थेट!

घड्याळवाल्यांनी स्टूल आणलं. तिरक्या अडकलेल्या पेटीपाशी सासूबाई टेकल्या, कठड्याला धरून पाय भात्यावर नेले आणि एक पट्टी दाबली. मी सॅक्सोफोन तोंडाला लावला. फुंकलं.

दोन सूर एकावर एक असे बसले की कुठला कोणाचा ते कळेना. जिन्यात कोणीही डोळे बारीक केले नाहीत. डॉक्टरांनी फोन काढून पुढे धरला.

“तो फोन बंद करा, डॉक्टर,” सासूबाई म्हणाल्या. “मधे मधे येतोय.”

मग त्यांनी ती धून सुरू केली. शाळा सुटायची. मी मागून गेलो, धडपडत, पण गेलो. वरच्या खालच्या सगळ्या मजल्यांवरून तो आवाज फिरला, आणि सुताराचा भाऊ पेटी धरल्या धरल्या म्हणाला, “आमच्या शाळेत हीच होती!” धून संपल्यावर माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता सासूबाई काहीतरी म्हणतील, जन्मभर लक्षात राहील असं.

“तिसरी ओळ चुकताय,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं ऐकताय ना? मी तर बरोबर वाजवते.”

पेटी वर न्यायला दोन तास लागले आणि शेवटी कठडा कापावाच लागला. नळदुरुस्तीवाला अजून सगळ्यांना सांगतो. पुढच्याच आठवड्यात डॉक्टर आमच्याकडे आले आणि म्हणाले, दोघांना वाद्यवृंदात घेतलं असतं हो, पण तुमचा सूर काही आमच्याशी जुळायचा नाही, कीबोर्डचा सूर बदलता येत नाही. सासूबाई तडक खाली दवाखान्यात गेल्या आणि कीबोर्डच्या मागचं एक बटण फिरवलं. सूर वर चढला. “शाळेतलाही असाच होता,” त्या म्हणाल्या. “पुस्तक वाचत जा, डॉक्टर.” माइकची वायर आता कोण धरतं, मी विचारलेलं नाही.

पिवळी चिठ्ठी तेवढी राहिली. त्या रविवारीच सासूबाईंनी नखाने ती पेटीवरून सोडवली. मला वाटलं फाडतील. त्यांनी ती माझ्या सॅक्सोफोनच्या पितळी तोंडावर, दर्शनी भागात डकवली. रद्दबातल, खाली माझीच सही. “तिसरी ओळ आली की काढीन,” म्हणाल्या.

पाच महिने झाले. रोज संध्याकाळी पाच वाजता आम्ही बोळात बसतो, त्या स्टुलावर, मी चपलांच्या शेजारी. काल तिसरी ओळ मला स्वतःला अगदी चोख वाटली. मी भीत भीत विचारलं, “आई, आज?”

त्यांनी चष्मा लावला आणि माझी चिठ्ठी खालच्या सहीपर्यंत वाचली.

“फेरतपासणीसाठी राखून ठेवली आहे,” म्हणाल्या, आणि पायाने भाता मारायला लागल्या.